काटा आणि फुरसं

पत्र मंगळवारी आलं, आणि प्रणोती शेडगेनं ते घोड्याच्या पाठीवर हात ठेवूनच वाचलं.

माण तालुक्यात, दहिवडीच्या पुढे, माळावर, सर्पदंशावरची लस तयार करणारं केंद्र होतं. चौसष्ट घोडे, एक्केचाळीस माणसं आणि त्या सगळ्यांची प्रमुख प्रणोती. वय पन्नास, त्यातली सव्वीस वर्षं इथेच गेलेली. घोड्याला सापाचं विष अगदी थेंबभर टोचायचं, मग दोन आठवड्यांनी थोडं जास्त, मग आणखी जास्त. घोडा आजारी पडत नाही, पण त्याचं रक्त त्या विषाशी लढायला शिकतं. मग ते रक्त काढायचं, त्यातल्या तांबड्या पेशी घोड्याला परत द्यायच्या आणि उरलेल्या पिवळसर द्रवातून औषध काढायचं. हे काम पद्धत म्हणून कुणालाही शिकवता येतं. पण कोणत्या घोड्याला आज टोचू नये हे त्याच्या कानांवरून ओळखायला वर्षं लागतात, आणि प्रणोतीला ते येत होतं.

"काय म्हणतंय कागद?" हणमंत खरातनं विचारलं. हणमंत घोड्यांचा मुख्य सांभाळकर्ता. प्रणोतीच्या आधीपासून तो इथे होता.

"बंद करायचं म्हणतंय. अठरा महिन्यांत. लस केनियात होणार, इसिओलो नावाच्या गावात. उंटांपासून."

"का? आपलं काय चुकलं?"

"काहीच नाही." तिनं पत्रामागचा तक्ता त्याच्यापुढे धरला. "हे बघा, हणमंतभाऊ. एक माणूस एका महिन्यात किती मात्रा करतो. आपण नऊशे चाळीस. ते सहाशे दहा."

"मंग आपुन पुढं हाय की."

"पुढे आहोत. तरी बंद."

हणमंतनं तक्ता उलटा करून पाहिला, जणू मागे कारण लिहिलेलं असेल. पत्राच्या तळाशी जिल्हा नियोजन अधिकाऱ्याची सही होती. ती सही प्रणोतीच्या धाकट्या बहिणीची, शर्वरीची होती. दोघी एकाच घरात राहत होत्या. सकाळी निघताना शर्वरी तिला डबा देऊन "पाणी पीत जा" एवढंच म्हणाली होती.

हिंदी महासागराच्या काठावरच्या बावीस देशांनी व्यापार संघ स्थापन केल्याला तेव्हा नववं वर्ष चालू होतं. प्रत्येक देशानं सगळंच थोडंथोडं करत बसायचं, की ज्याला जे साजेल ते त्यानं करून एकमेकांना द्यायचं, हा वाद जुनाच. संघानं तो एका गणकयंत्रावर सोपवला. उपग्रहांवरून दिसणारी जमीन आणि पाणी, कारखान्यांतली यंत्रं, माणसांची कौशल्यं, शिकायला लागणारा वेळ, जहाजांची भाडी असं सगळं ते यंत्र दर महिन्याला पोटात घेई, आणि कोणत्या जिल्ह्यानं काय करावं ते सांगे. त्याचं सरकारी नाव लांबलचक होतं. लोक त्याला 'काटा' म्हणत, साखर कारखान्याच्या दारात उसाच्या गाड्या तोलतात तसा.

काट्याचं ऐकून बरंच भलं झालं होतं, हे प्रणोतीलाही माहीत होतं. औषधं स्वस्त झाली होती. डाळीचा तुटवडा पडायचा थांबला होता. पण तोवर काट्याची सुई दुसऱ्यांच्या गावांकडे वळलेली होती.

त्या संध्याकाळी ती घरी आली तेव्हा शर्वरी चुलीपाशी भाकऱ्या थापत होती. तिच्या भाकऱ्या कडेला नेहमी जाड राहत.

"सही तू केलीस," प्रणोती म्हणाली.

"केली."

"सकाळी सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तू सही करू दिली नसतीस." शर्वरीनं भाकरी तव्यावर टाकली. "ताई, तू फक्त पहिला रकाना वाचलायस. दुसरा वाच."

दुसरा रकाना रक्ताचा होता. शेजारच्या तालुक्यात एक साखर कारखाना बंद पडून होता. त्याच्या आसवनीच्या टाक्या, वाफेच्या वाहिन्या आणि आयुष्यभर मळी आंबवण्यात मुरलेली माणसं तिथे रिकामी बसली होती. टाकीत मूळपेशी वाढवून त्यांपासून माणसाला चढवता येईल असं रक्त तयार करायचं तंत्र आता पक्कं झालं होतं, आणि आंबवण्याचं ज्ञान असलेल्या माणसाला ते सहज जमत होतं. तक्ता सांगत होता की एक माणूस महिन्याला रक्ताच्या किती पिशव्या करेल: इथे सातशे, इसिओलोत नव्वद.

"म्हणजे दोन्हींत आपणच पुढे," प्रणोती म्हणाली. "मग दोन्ही आपणच करू."

"माणसं कुठून आणशील? तालुक्यात शिकलेली, हाताला वळण असलेली माणसं मोजकीच आहेत. एक मात्रा लस करायला आपण रक्ताच्या पाऊण पिशवीवर पाणी सोडतो. तेवढ्याच मात्रेसाठी इसिओलोवाले पिशवीचा सहावा हिस्सासुद्धा सोडत नाहीत. लस त्यांना स्वस्त पडते, आपल्यापेक्षा वाईट जमत असूनही."

"हे कागदावर ठीक आहे."

"कागदावर कशाला, या घरात बघ की. भाकरी कुणाची चांगली होते?"

प्रणोतीनं टोपलीतल्या भाकऱ्यांकडे पाहिलं.

"तुझी. तासाभरात तू तीस थापतेस, मी वीस, त्याही अशा. मग बारा वर्षं मी का थापतेय? कारण तू तासभर इथे उभी राहिलीस तर सहा घोड्यांचं रक्त काढायचं राहतं. मी उभी राहिले तर एखाद्याच घोड्याचं राहील, तेही मला धड येणार नाही. तू दोन्हींत माझ्यापुढे आहेस. तरी भाकरी मीच करायची आणि घोडे तू बघायचे, यात दोघींचं पोट भरतं. तुला हे कधी अन्याय वाटलं नाही."

"तुला वाटलं?"

शर्वरीनं भाकरी उलटली. "कधीकधी," ती म्हणाली.

प्रणोतीला त्या उत्तरानंतर जेवण गेलं नाही. गणितात चूक सापडत नव्हती, आणि चूक सापडत नव्हती म्हणूनच तिच्या जिवाला थारा नव्हता. एक्केचाळीसपैकी पंचवीस जणांना टाक्यांवर काम मिळणार होतं. उरलेले सोळा पन्नाशीच्या पुढचे होते. टाक्यांवरच्या कामाच्या चाचणीत ते बसले नव्हते. हणमंत त्यांतला एक. काट्याचा आकडा सगळ्यांची मिळून बेरीज सांगत होता, आणि ती बेरीज वाढत होती. त्यातल्या कुणाच्या ताटात काय पडणार, हे त्या आकड्यात कुठेच नव्हतं.

इसिओलोच्या केंद्राला शिकवायची जबाबदारी प्रणोतीवरच आली. तिथली प्रमुख हबीबा गुयो, चाळिशीची, बोराना जमातीची. तिच्या आजोबांचे चारशे उंट होते. आठवड्यातून तीनदा दोघी पडद्यावर भेटत. कानातलं यंत्र हबीबाचं बोलणं मराठीत आणी, तेही असं पुस्तकी की पहिल्या दिवशी प्रणोतीला कुणी शाळेतल्या बाई बोलतायत असं वाटलं.

उंटाचं प्रकरण खरोखरच नवलाचं होतं. आपल्या आणि घोड्याच्या रक्तात रोगाशी लढणारे जे प्रथिनांचे कण असतात, ते मोठे आणि अनेक तुकडे जोडून झालेले. उंटाच्या रक्तात त्यांच्यासोबत दुसऱ्या जातीचेही असतात, लहान आणि साधे. ते उन्हात नासत नाहीत. घोड्याच्या लसीला शीतपेटी लागते. उंटाची लस शेळ्या राखणाऱ्याच्या खिशात दुपारभर राहिली तरी चालते. प्रणोतीला हे शिकवता शिकवता समजत गेलं, आणि मनात नसताना ती हबीबाला चांगलं शिकवत गेली. वाईट शिकवणं तिला येतच नव्हतं.

अकराव्या महिन्यात इसिओलोहून चाचणीच्या पहिल्या कुप्या आल्या.

चाचणी साधी असते. माणसाच्या रक्तद्रवात विष मिसळायचं, त्यात लस घालायची आणि द्रव नीट गोठतो का ते बघायचं. नागाच्या आणि मण्यारीच्या विषासाठी वेगळ्या चाचण्या होत्या, त्या पार पडल्या. घोणसही पार पडली. मग तिनं फुरशाचं विष घेतलं. फुरसं हा वीतभर-हातभर लांबीचा साप, माणच्या माळावर दगडाखाली बसणारा. तो चावला की रक्त गोठायचं विसरतं. केंद्राच्या सर्पालयात साठेक फुरशी होती.

फुरशाचं विष घातलेला द्रव गोठला नाही. तिनं तीनदा पाहिलं. लसीची ताकद हवी त्याच्या तिसऱ्या हिस्स्याइतकीच भरत होती.

कारण तिला लगेच कळलं. एकाच जातीच्या सापाचं विष गावागणिक बदलतं. सापाचं भक्ष्य बदलतं, तसं विषही बदलतं. इसिओलोला टोचायला गेलेलं विष देशाच्या साठ्यातलं होतं, दक्षिणेकडच्या सापांचं. माणच्या फुरशाची त्या उंटांना ओळखच नव्हती. काट्याला ही गोष्ट ठाऊक नव्हती, कारण विषाची खरेदी-विक्री होत नसल्यानं त्याचा कुठे आकडाच नव्हता.

अहवाल तिनं खणात ठेवला. चाचणीच्या वहीत निकालाची जागा कोरी सोडली.

तीन आठवड्यांनी साताऱ्याला शेवटची बैठक होती. तिथे हा कागद टेबलावर ठेवला की काम संपलं. जी लस माणच्याच सापावर चालत नाही, तिच्यासाठी माणचं केंद्र कोण बंद करेल?

हणमंतला तिनं सांगितलं नव्हतं, तरी त्यानं तिचा चेहरा वाचला. चौथ्या दिवशी तो खरारा करता करता म्हणाला, "बाई, कायतरी घावलंय तुमाला."

तिनं सांगितलं.

"मंग बैठकीपातुर बोलू नका," तो हळू म्हणाला. "कुनालाच नगं. सोळा घरं हायती."

"मला माहीत आहे."

"न्हाई, तुमाला ठावं हाय, पर मी परत सांगतो."

दिवस जात होते आणि प्रणोतीला बसवत नव्हतं. ती तबेल्यांच्या ओळीतून चालत राही, एकाच घोड्याचे खूर दोनदा तपासे, शर्वरीनं काही विचारलं तर दुसऱ्याच गोष्टीचं उत्तर देई. दहाव्या दिवशी हबीबाचा संदेश आला. ठरलेला तास नव्हता.

"क्षमस्व, भगिनी," कानातलं यंत्र म्हणालं. पडद्यावर हबीबाच्या मागे उंट गुडघे मोडून बसले होते. "गुरुवारी आम्ही मात्रांची अखेरची फेरी सुरू करणार आहोत. तत्पश्चात उंटांना आठ मास विश्रांती द्यावी लागते. आमची लस तुमच्या सर्पांवर कशी उतरली, हे तुम्ही कळवले नाही. काही उणे असेल तर निःसंकोच सांगा. गुरुवारपर्यंत दुरुस्त करता येईल, नंतर नाही."

"चाचणी चालू आहे अजून," प्रणोती म्हणाली.

"बरे." हबीबानं मागच्या उंटांकडे एकदा वळून पाहिलं. "आणि तुमच्या टाक्या? रक्त केव्हा सुरू होईल? आमच्या रुग्णालयात ते नैरोबीहून येते. मागील आठवड्यात गाडी वाटेत अडकली आणि रुग्ण दगावला. मी दाराशीच उभी होते."

प्रणोतीनं पडदा बंद केला आणि ती तबेल्यांकडे निघाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रयोगशाळेतली नवी मुलगी, केतकी, चाचणीची वही घेऊन आली. "मॅडम, इथे निकाल राहिलाय. मी लिहू का? तारीख तर गेल्या आठवड्यातली आहे."

"दे इकडे."

सव्वीस वर्षांत त्या वहीत कोरी जागा नव्हती. जे औषध फसलं ते फसलं असंच लिहिलं होतं, त्याच दिवशी, तिच्या अक्षरात. वाईट निकाल लपवून ठेवणाऱ्या एका माणसाला तिनं याच खोलीतून घालवलं होतं. प्रणोतीनं पेन उघडलं आणि लिहिलं: फुरसे, अपुरी. मग तिनं इसिओलोला जोडणी मागितली.

"हबीबा, तुमची लस आमच्या फुरशावर चालत नाही," ती म्हणाली. "मला हे अकरा दिवसांपूर्वी कळलं होतं. मी तुम्हाला सांगितलं नाही."

यंत्रानं ते तिकडच्या भाषेत नेलं. हबीबानं वही पुढे ओढली. मग ती म्हणाली, "का सांगितले नाही, ते मला ठाऊक आहे. आता काय करावे, ते सांगा."

"मी आजच विष पाठवते. सुकवलेलं. पण नुसत्या मोठ्या सापांचं नाही चालायचं. पिलांचं विष वेगळं असतं, आणि इथे माणसं जास्त पिलांवरच चुकून पाय देतात. एक हिस्सा मोठ्यांचं, दोन हिस्से पिलांचं. थोड्याशानं सुरुवात करा. तोंडावर सूज दिसली तर त्या उंटाला थांबवा."

दुपारी ती सर्पालयात कुपी बंद करत होती तेव्हा हणमंत दारात येऊन उभा राहिला. पेटीवरचा पत्ता त्यानं वाचला.

"बोलला तुमी."

"बोलले."

"तुमचं बराबर हाय, बाई. औषिध हाय ते. त्यात लबाडी नगं." त्यानं टोपी काढून हातात घेतली. "पर मला तुमी इचाराया पायजे हुतं. नकोच म्हनलो असतो मी. तरी इचाराया पायजे हुतं."

तो निघून गेला. तिनं पेटी बांधायला घेतली.

साताऱ्याच्या बैठकीला ती गेली, ती दुसराच कागद घेऊन. संघाचे तीन अधिकारी पडद्यावर होते, शर्वरी टेबलापलीकडे.

"या तक्त्यात दोन रकाने आहेत," प्रणोती म्हणाली. "तिसरा घाला. विष. उंटाच्या लसीला दर हंगामात इथलं ताजं विष लागेल, आणि असंच प्रत्येक मुलखाचं. साप पाळणं, त्यांचं विष काढणं, कोणत्या ऋतूत काय बदलतं ते ओळखणं. हे काम मोजून बघा."

"विष ही व्यापाराची वस्तू म्हणून नोंदलेली नाही," एक अधिकारी म्हणाला.

"म्हणूनच तुमचं यंत्र चुकलं. मी गप्प बसले असते तर माणसं मेली असती आणि आकडा बरोबरच दिसला असता. दुसरं सांगते. बेरीज वाढणार आहे ना? मग त्या वाढीतून सोळा माणसांना निवृत्तीपर्यंत पगार द्या. ते काही मागत नाहीयेत. तुम्ही त्यांच्याकडून घेताय."

शर्वरीनं मान वर केली. "जिल्ह्याचा याला पाठिंबा आहे," ती म्हणाली. याविषयी दोघी बहिणी घरी एक शब्द बोलल्या नव्हत्या.

तिसरा रकाना घातला गेला. माणच्या फुरशाचं विष माणखेरीज कुणीच देऊ शकत नव्हतं, त्यामुळे आकडा असा वर गेला की यंत्र चालवणाऱ्यांनी तो दोनदा तपासला. दहिवडीचं केंद्र बंद होणार नव्हतं. ते लहान होणार होतं. नऊ माणसं, सातशे साप. पगाराची मागणी अर्धीच मान्य झाली, सोळांना पाच वर्षं.

घोडे मात्र गेलेच. चार दिवस गाड्या येत होत्या. बहुतेक घोडे नाशिकजवळच्या एका कुरणावर जाणार होते. हणमंतला तिनं सर्पालयात काम देऊ केलं. "मी जित्राबाला हात लावून जगलो," तो म्हणाला. "काचंतनं बघाया न्हाई यायचं मला." त्यानं चंद्री नावाची म्हातारी घोडी मागून घेतली आणि तिला घेऊन लेकीच्या गावी, नातेपुत्याला निघून गेला. प्रणोतीनं दोनदा फोन केला. तो उचलला गेला नाही.

पुढच्या दोन वर्षांत काट्यानं सांगितलं तसंच घडलं. उंटाची लस माळावरच्या प्रत्येक उपकेंद्रात, शीतपेटीशिवाय, साध्या फळीवर ठेवलेली असे, आणि ती चाले. कारखान्याच्या टाक्यांतून तीनशे ऐंशी माणसांना काम मिळालं. दर आठवड्याला रक्त केनियाच्या मोंबासा बंदराला जाई. हबीबा कधीतरी एक ओळ पाठवी: आज सहा पिशव्या लागल्या, सहाही होत्या. प्रणोती ती ओळ वाचे, आणि मग उठून रिकाम्या तबेल्यांकडे उगीच एक फेरी मारून येई.

एका दुपारी शर्वरी सर्पालयात आली. ऑफिस सोडून ती कधी इकडे येत नसे. दोघी दाराबाहेरच्या कट्ट्यावर बसल्या.

"या महिन्याचे आकडे आले," शर्वरी म्हणाली. "बांगलादेशात, राजशाहीला, नव्या टाक्या बसवल्यात. त्यांची माणसं भराभर शिकतायत. रक्तातली आपली आघाडी दर महिन्याला कमी होतेय."

"कधीपर्यंत टिकेल?"

"तीन वर्षं. ओढूनताणून चार."

"मग आपल्याला काय सांगेल काटा?"

"अजून काहीच सांगत नाही. दुसरं काही नक्कीच असेल, नेहमी असतंच. दोन्हींत मागे असलेल्यालासुद्धा काहीतरी असतं, हाच तर नियम आहे." शर्वरीनं हात चोळले. "पण त्या टाक्यांवरची माणसं मी नेमलीत, ताई. घरोघरी जाऊन. पक्कं काम आहे म्हणून सांगितलं मी त्यांना."

प्रणोतीनं बहिणीकडे पाहिलं.

"त्यांना सांगितलंस का?"

"अजून अधिकृत काही नाही. आत्ता सांगितलं तर लोक घाबरतील. काम सोडून जातील. अठरा महिने आधी पत्र निघतंच, तेव्हा..."

"आज सांग."

"ताई, आकडे बदलूही शकतात."

"तेही सांग, की बदलू शकतात. पण तुला जे माहीत आहे ते त्यांनाही माहीत हवं. मी अकरा दिवस एक कागद खणात ठेवला होता, तेवढ्यानं माझी झोप गेली. तू तीन वर्षं ठेवणार आहेस?"

शर्वरी कट्ट्यावरची माती नखानं खरवडत राहिली.

"त्यांच्यात बेचाळीस वर्षांचा माणूस असेल," प्रणोती म्हणाली. "त्याला आज कळलं तर तो काही शिकेल. पंचेचाळिसाव्या वर्षी कळलं तर तुझ्यावर रागावण्यापलीकडे त्याच्या हातात काय राहील? त्याला विचार. तो नको म्हणेल, ओरडेल. तरी विचार."

चारला टाक्यांवरची पाळी सुटत असे. प्रणोतीनं रबरी बूट काढून चपला घातल्या आणि गाडी काढली. वाटेत दोघी बोलल्या नाहीत. कारखान्याच्या फाटकाशी पोचल्या तेव्हा भोंगा नुकताच होऊन गेला होता आणि माणसं बाहेर पडत होती, कुणी डबे हलवत, कुणी मोटारसायकल चालू करत. शर्वरीला पाहून दोघातिघांनी ओळखीचं हसून मान हलवली.

"काय म्याडम, आज इकडं?" एकानं विचारलं.

शर्वरीनं मागे वळून पाहिलं. प्रणोती गाडीपाशीच उभी होती, पुढे आली नाही.

"जरा थांबा सगळे," शर्वरी म्हणाली. मोटारसायकलींच्या आवाजात ते मागच्यांना ऐकू गेलं नाही, म्हणून तिनं परत म्हटलं, "दहा मिनिटं थांबा. एक गोष्ट सांगायची आहे, आणि मग तुमचं म्हणणं ऐकायचं आहे."

चालू झालेल्या मोटारसायकली एकेक करून बंद होत गेल्या.